अकरा वेळा न समजलेलं पान

सर,

तुमची वही माझ्याकडे आली आहे. तेरवी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, की गजानन, तुझी एक वस्तू आमच्या घरी राहिली आहे, येऊन घेऊन जा. मला वाटलं, डबा असेल. आमचे निम्मे डबे तुमच्याकडे आणि तुमचे निम्मे आमच्याकडे, हा घोळ माझी शोभा होती तेव्हापासूनचा आहे. गेलो, तर मॅडमनी देवघराखालच्या कप्प्यातून ती निळ्या पुठ्ठ्याची जाड वही काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात ठेवली. तिच्यावर धूळ नव्हतीच, तरी पुसली.

आज लिहायला बसलो, कारण मी तुमच्याशी एक खोटं बोललो होतो. एकदा नाही, अकरा वेळा. तेच खोटं, त्याच झाडाखाली, तुमच्या डोळ्यांत बघून. ते तुम्ही असताना कबूल करायचं राहून गेलं, आणि ती वही घरात आल्यापासून मला धड जेवण जात नाही. तुम्ही समोर असता तर म्हणाला असतात, गजा, आधी मुद्द्यावर ये. येतो. पण कारणं आधी आणि परिणाम मागून, हे तुम्हीच शिकवलंत, तेव्हा जरा दम धरा.

कारंज्याच्या शाळेत तुम्ही आम्हाला इतिहास आणि इंग्रजी शिकवायचात, मॅडम गणित. मी तुम्हा दोघांनाही सारखाच पुरून उरलो. दहावीला इंग्रजीत एकदा गेलो, दुसऱ्यांदा काठावर निघालो, आणि वडिलांची संत्र्याची बाग धरली. पुढे बरीच वर्षं आपली भेट म्हणजे बाजारात नमस्कार आणि दिवाळीला तुमच्याकडे टोपलीभर संत्री, एवढीच. मग तुम्ही रिटायर झालात, आणि एका सकाळी तुमची ती खोकणारी स्कूटर आमच्या बागेच्या बांधाला, धुऱ्यावर, येऊन थांबली. डिकीतून तुम्ही एक पुस्तक काढलंत. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेलं, पुठ्ठा निघालेलं, इंग्रजी. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये जी शहाणी माणसं होऊन गेली त्यांनी लिहिलेलं, की माणसाने चांगलं कसं जगावं, शिकावं कशासाठी, राग कसा आवरावा, म्हातारपण कसं अंगावर घ्यावं. तुम्हाला ते मराठीत आणायचं होतं.

त्या माणसांची नावं तुम्ही मला कितीदा तरी सांगितलीत. एकही माझ्या जिभेवर बसलं नाही. मी सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलं, तुमचा रोमवाला. आधी तुम्हाला राग आला. पुढे तुम्हीच स्कूटर लावता लावता म्हणायला लागलात, की आज रोमवाला जरा अवघड बोलून राह्यला.

माझ्यासारख्या दहावी काठावर पास माणसाला हे कशाला वाचून दाखवता, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही खाटेवर मांडी घातलीत आणि म्हणालात, "शिकलेल्या माणसाले वाचून दाखवलं त तो मान डोलावते, समजो का नाई समजो. तू डोलावत नाईस. तुले मी वर्गात वर्षभर पाह्यलं हाय." ही तारीफ होती की अपमान, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

तुमची कामाची रीत मला तोंडपाठ आहे. रात्रीच्या जेवणाआधी घरी एक उतारा मराठीत करायचा, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. सकाळी बागेत येऊन तो मला वाचून दाखवायचा. मग विचारायचं, समजलं? मी हो म्हणालो तर कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बरोबरची खूण, आणि घरी जाऊन तो उतारा निळ्या वहीत, शाईने. मी नाही म्हणालो तर फुली. फुलीचा कागद घडी करून खिशात, आणि दुसऱ्या दिवशी तोच उतारा नवीन कपडे घालून हजर. वहीत काय जाईल आणि काय जाणार नाही, हे माझ्या हो-नाहीवर अवलंबून होतं. जन्मात मला कुणी एवढा मोठा हुद्दा दिला नव्हता, सर.

पहिलाच उतारा सद्गुणावर होता. तुम्ही वाचलंत आणि मी म्हणालो, हा शब्द शाळेच्या फळ्यावरचा आहे, सुविचाराच्या खाली लिहितात तो, तो वाचला की डोळे मिटतात. फुली. तुम्ही विचारलंत, मग तुमच्या गावात चांगल्या माणसाला काय म्हणतात. मी दोन दिवस विचार केला. पंजाबरावाची गाय शेजाऱ्याच्या कपाशीत शिरली होती, तेव्हा कुणी पाहिलेलं नसताना तो स्वतः जाऊन शेजाऱ्याला सांगून आला होता. त्याच्याबद्दल सगळे म्हणायचे, माणूस चोख आहे. तुम्ही तो शब्द कागदावर लिहून बराच वेळ बघत बसलात. मग म्हणालात, की रोमवाल्याला दोन हजार वर्षं याच शब्दाची वाट होती. त्या दिवशी तुम्ही चहा दोनदा मागून घेतलात.

शिकणं मिरवायला नसतं, वापरायला असतं, असा एक उतारा होता. त्याला माझ्याकडे उदाहरण तयारच होतं. आमच्या पलीकडच्या बागेतल्या त्या कृषी डिप्लोमावाल्याला प्रत्येक रोगाचं इंग्रजी नाव येतं आणि त्याच्या निम्म्या झाडांच्या खोडातून डिंक गळतो, कारण बुंध्याला मलम लावायला खाली वाकावं लागतं. तुम्ही एवढे हसलात की पुस्तक मांडीवरून पडलं. मी तुम्हाला वर्गात कधी हसताना पाहिलं नव्हतं.

भांडलोही कमी नाही. जे आपल्या हाती नाही त्याचा घोर लावून घेऊ नये, हा तुमच्या रोमवाल्याचा सगळ्यात लाडका मुद्दा, आणि तुमचाही. मी त्याला बरोबरची खूण दिली होती, कारण ऐकायला तो बरा वाटतो. मग मार्चमध्ये गारपीट झाली. आवळ्याएवढी झालेली फळं झाडाखाली अंथरूण घातल्यासारखी पडली. तुम्ही कारंज्याहून आलात तेव्हा मी जरा कडकच विचारलं, की सर, हे माझ्या हाती नव्हतं, आता सांगा, घोर लावू का नको. तुम्ही पुस्तक खाटेवर ठेवलंत. पँट वर दुमडलीत आणि मोडलेल्या फांद्या ओढून धुऱ्यावर टाकायला लागलात. साठीच्या वरचा माणूस, दुपारभर. दुसऱ्या दिवशी बघतो तर वहीतल्या त्या उताऱ्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने फुली मारून आणली होती.

एक भांडण अजून तसंच पडलेलं आहे. मी म्हणालो होतो, या रोमच्या शहाण्यांच्या घरी पाणी भरायला, स्वयंपाक करायला गुलाम होते. दुसऱ्याने पाणी भरलं की कुणालाही शांत बसून विचार सुचतात. तुम्ही म्हणालात, त्यांच्यातला एक जण स्वतःच आधी गुलाम होता. मी म्हणालो, मग त्याचं आधी वाचा, बाकीच्यांचं नंतर बघू. तुम्ही म्हणालात, तुझ्या बोलण्यात दम आहे, पण पूर्ण नाही, विचार करून सांगतो. ते सांगणं तुमच्याकडेच राहिलं.

मग शोभा गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत माझी बायको घरातून गेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला, घरात मी एकटा. तुमचा रोमवाला मरणावर किती बोलला असेल, पण त्या दिवसांत तुम्ही पुस्तक आणलंत नाही. नुसते यायचात, खाटेच्या कडेला बसायचात, तासाभराने जायचात. मला तुमचं येणंही नको होतं आणि तुम्ही उठलात की वाईटही वाटायचं.

जानेवारी होता. बागेचं पाणी मी डिसेंबरातच बंद केलं होतं. संत्र्याला अंबिया बहार घ्यायचा तर झाडाला आधी महिना-दीड महिना तहानेलं ठेवावं लागतं. पानं मलूल पडतात, थोडी गळतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. याला आम्ही ताण देणं म्हणतो. तो वेळेवर तोडायचा असतो, नाहीतर झाडच धोक्यात येतं. मी तोडला नाही. मला दिसत होतं, पानांची सुरळी होऊन राहिली आहे, शेजारच्या बागा पाण्यावर आल्या आहेत. मी खाटेवर पडून बघत होतो. शोभा गेली तर बागही जाऊ दे, असं माझ्या मनात होतं, हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतो आहे.

एका सकाळी विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर तुम्ही व्हॉल्व्ह पूर्ण फिरवून उभे, आणि पाणी सुसाट. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, एकदम भरपूर दिलं की झाड बिचकतं आणि फुलं सोडून नुसती पालवी फेकतं. मी अनवाणी धावत गेलो आणि तुमच्यावर ओरडलो, की तुम्हाला बागेतलं काय कळतं, कशाला हात लावला. आपल्या सरांवर. शोभा गेल्यापासून माझा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला असेल. तुम्ही शांतपणे बाजूला झालात आणि म्हणालात, "मले काय मालूम बाबू. तू सांगशील तसं करतो." मग मला दिवसभर बाग फिरावी लागली. कुठे किती पाणी गेलं, कुठलं बंद करायचं, कुठे अजून द्यायचं. संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुम्ही चाळीस वर्षं शेतकऱ्यांची पोरं शिकवलीत. पहिलं पाणी हलकं द्यायचं, हे तुम्हाला माहीत नसेल यावर माझा आता विश्वास नाही. विचारायचं राहिलं.

त्या वर्षी फुलं उशिरा आली, पण आली. बागेत वास सुटला होता तेव्हा तुम्ही पुन्हा पुस्तक घेऊन यायला लागलात, आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो उतारा वाचलात. रोमवाला आपल्या एका मित्राला पत्र लिहितो आहे. त्या मित्राचं जवळचं माणूस गेलं आहे. तो त्याला म्हणतो, की रड, रडू नको असं मी म्हणत नाही. पण त्या माणसाबरोबर काढलेले चांगले दिवस या रडण्यात बुडवून टाकू नको, ते दिवस तुझे आहेत आणि ते कुणी नेलेले नाहीत. त्याचं नाव घे, त्याच्या गोष्टी सांग, घरात त्याचा विषय निघू दे. तुमच्या मराठीत ते याहून पुष्कळ सुंदर होतं. तुमचा आवाज मध्येच जरा खाली गेला होता.

मला ते समजलं, सर. तुम्ही अर्ध्यात होतात तेव्हाच समजलं. पुस्तकात कुठेही असता तरी हेच पान तुम्ही आज उघडलं असतंत, हेही समजलं. आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काही विचारू नका. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला एक माणूस मला शोभाबद्दल शिकवणार? ती पोळी करताना पहिली पोळी मोडून त्यातला घास आधी स्वतः खायची, मीठ बघायला, आणि मग दुसरी मला वाढायची, हे त्याला माहीत आहे? तुम्ही विचारलंत, समजलं? आणि मी म्हणालो, "नाई समजलं."

"काय नाई समजलं?"

"काहीच नाई."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वर्गात मी उत्तर माहीत असून गप्प बसायचो तेव्हा बघायचात तसं. मग कागदावर फुली मारलीत, घडी घातलीत आणि म्हणालात, बरं, उद्या पुन्हा आणतो.

खोटं का बोललो, याचं उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. हो म्हणालो असतो तर तुम्ही खूण केली असतीत, उतारा वहीत गेला असता, आणि आपण पुढच्या पानावर गेलो असतो. मला पुढच्या पानावर जायचं नव्हतं. ते पान संपलं की शोभाही संपेल, असं मला वाटत होतं. बुद्धीला पटणारी ही गोष्ट नाही, पण तेव्हा बुद्धी कुणाकडे होती.

तुम्ही तो उतारा पुन्हा आणलात. बाकीचे उतारे चालूच होते, वही भरत होती, पण तीन-चार महिन्यांनी तुम्ही खिशातून तोच कागद काढायचात आणि म्हणायचात, हा आपला अडलेला. प्रत्येक वेळी वेगळा केलेला. एकदा सगळे जड शब्द काढून. एकदा पत्राच्या जागी दोन मित्रांचं बोलणं करून. एकदा तर पूर्ण आपल्या बोलीत, रोमवाला आपल्याच बाजारात उभा राहून बोलतो आहे असा. मी दर वेळी नाही म्हणायचो. मग तुम्ही डोकं खाजवायचात आणि म्हणायचात, की मग तूच एखादं उदाहरण दे, म्हणजे मला कळेल कुठे अडतं आहे.

आणि मी द्यायचो. पहिल्या खेपेला ते पहिली पोळी मोडून मीठ बघायचंच सांगितलं. शोभा आष्टीची, लग्न होऊन आली तेव्हा संत्री सोलायचा तिला कंटाळा यायचा, मी सोलून द्यायचो आणि वर्षभर तिने मला असं राबवलं, हे सांगितलं. तोडणीला पहिल्या रांगेतल्या प्रत्येक झाडावर ती एक फळ पाखरांसाठी ठेवायला लावायची आणि व्यापारी त्यावरून चिडायचा, हे सांगितलं. तिची कोथिंबिरीची सांबारवडी तुम्हाला किती आवडायची ते तुम्हीच सांगितलंत. एकदा मी तिच्याशी आठ दिवस अबोला धरला होता, एका क्षुल्लक गोष्टीवरून, आणि नवव्या दिवशी तीच आधी बोलली, हे सांगता सांगता मी उठलो आणि उगाच झाडाखालच्या वाळक्या काड्या मोडत राहिलो. तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि म्हणालात, अजूनही नाई समजत ना, बरं, उद्या पाहू. तुमचं ते उद्या कधी चार महिन्यांनी यायचं. असं जवळजवळ तीन वर्षं चाललं.

मी मोजत होतो. अकरा झाले होते. गेल्या महिन्यात तुम्ही आलात तेव्हा जरा थकलेले वाटलात. म्हणालात, बाराव्यांदा करायला घेतलं आहे, या वेळी जमणार. मी त्या दिवशी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, तोंडावर आलं होतं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला आपण किती दिवस राबवायचं, असं वाटून मी म्हणालो, "सर, एक बोलायचं होतं." तेवढ्यात विजेची लाइन आली. त्या दिवशी सकाळची चारच तास लाइन होती, मी मोटारीकडे पळालो. परत आलो तर तुम्ही स्कूटरवर बसला होतात. हात वर केलात. मी म्हणालो, उद्या बोलू.

पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. छातीत दोन दिवस दुखत होतं आणि तुम्ही ते मॅडमना सांगितलं नाहीत. सोसणं हा रोमवाल्याचा धडा तुम्ही नको तिथे मनावर घेतलात. मला जर तुम्ही तो उतारा वाचून दाखवला असतात, की दुखलं तरी घरच्यांना सांगू नये, तर मी त्याच्यावर अशी फुली मारली असती की कागद फाटला असता. डॉक्टरकडे जाणं तुमच्या हाती होतं, सर. गारपीट नव्हती ती. तुमच्यावर असा राग आला की घाटावर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. ते नंतर आलं, बागेत, मोटार चालू करताना.

तर ती वही. पहिले दोन दिवस मी उघडलीच नाही. उघडली तेव्हा सुरुवातीपासून वाचत गेलो. चोखवाला उतारा, शिकण्याचा, गारपिटीचा फुलीसकट, गुलामांवरच्या माझ्या प्रश्नासाठी समासात मोठ्ठा कंस आणि प्रश्नचिन्ह. तो अडलेला उतारा वहीत असणार नाही हे मला माहीत होतं. वहीत फक्त समजलेलं जायचं, आणि त्याला तर मी कधी हो म्हणालोच नव्हतो.

तो वहीत होता. अगदी त्याच जागी, त्या वर्षीच्या मार्चमधल्या दोन उताऱ्यांच्या मध्ये. पहिल्या दिवशी वाचला होतात तसाच्या तसा, शब्दही न बदलता, शाईने. आणि कोपऱ्यात पेन्सिलची बरोबरची खूण.

म्हणजे माझ्या तोंडून तुम्ही एक ऐकलंत आणि माझ्या चेहऱ्यावर दुसरं वाचलंत. त्याच संध्याकाळी घरी जाऊन तुम्ही तो उतारा पक्का केला होतात. मग पुढच्या तीन वर्षांत माझ्यापुढे दहा वेळा नव्याने केलेला उतारा घेऊन यायची तुम्हाला काय गरज होती, हे मी स्वतःला विचारत होतो, आणि पान उलटलं.

त्या उताऱ्यापुढे तुम्ही तेव्हाच बरीच पानं कोरी सोडली असणार, कारण पुढची सहा पानं शोभाची होती. तुमच्या अक्षरात. शोभाला संत्री सोलायचा कंटाळा. शोभा पाखरांसाठी फळ ठेवायला लावायची. शोभा पहिली पोळी मोडून मीठ बघायची. अबोल्याचे आठ दिवस, आणि नववा. मी जे जे उदाहरण म्हणून दिलं होतं ते सगळं, एकही गोष्ट न गाळता, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बरोबरची खूण. काही तर मी स्वतःच विसरलो होतो. मी ती सहा पानं धुऱ्यावर बसून वाचली आणि मोठ्याने रडलो. आमचा सालदार गडी पाणी घेऊन धावत आला.

उपकार हा शब्द तुम्हाला आवडायचा नाही, म्हणून वापरत नाही. पण तुम्ही माझी बायको मला परत आणून दिलीत, सर, थोडी थोडी करून. आणि मी समजत होतो की मी तुम्हाला राबवतो आहे.

काल सकाळी वही घेऊन तुमच्या घरी गेलो. हे सगळं कुणाला तरी कबूल केल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मॅडम ओट्यावर खुर्ची टाकून पालक निवडत होत्या. तुमची स्कूटर तिथेच भिंतीला, वर कापड टाकलेली. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. अकरा वेळा खोटं बोललो ते, लाइन आली ते. त्या निवडता निवडता ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्यायले मालूम होतं गजानन. बागेतून आले का मले सांगत, आजही नाई म्हणाला तो. लय खूश राहत."

मग त्यांनी विचारलं, की तो उतारा आहे तरी काय. तुम्ही तो त्यांना कधी वाचून दाखवला नव्हता म्हणे, तो गजाचा आहे म्हणायचात. मी वही उघडली आणि वाचला. तुमच्यासारखा नाही वाचता आला. ज्या जागी तुमचा आवाज खाली जायचा तिथे माझाही गेला. वाचून झाल्यावर सवयीने तोंडातून गेलं, "समजलं, मॅडम?"

या आमच्या गणिताच्या मॅडम, सर. उदाहरण फळ्यावर लिहून व्हायच्या आत ज्यांचं उत्तर तयार असायचं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारलं की ज्या खडू फेकून मारायच्या, आणि तो बरोबर कपाळावर बसायचा. त्यांनी पालकाची एक काडी मोडली, पानं वेगळी केली, काडी वेगळी ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"नाई समजलं," म्हणाल्या.

मी वही मिटली नाही. मग तुम्ही विचारायचात तसंच विचारलं, की कुठे अडतं आहे, एखादं उदाहरण द्या. त्यांनी पालकाची दुसरी जुडी पुढे ओढली. मग हळूच म्हणाल्या, की लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तुम्ही त्यांना सायकल शिकवायला घेतली होती, आणि तुम्हाला स्वतःला ती येत नव्हती. दोघं मिळून नाल्यात पडलात आणि तुम्ही नाल्यातूनच त्यांना समजावत होतात, की चूक नेमकी कुठे झाली. सांगताना त्या हसल्या, आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. शोभाच्या पानांनंतर तुम्ही सोडलेली बरीच पानं वहीत अजून कोरी आहेत.

उठलो तेव्हा त्या आत जायला निघाल्या होत्या. दाराशी थांबून म्हणाल्या, की उतारा अजून डोक्यात शिरला नाही, एकदा ऐकून माणसाला काय कळणार.

मी म्हणालो, बरं मॅडम, उद्या पुन्हा आणतो.